शेजारच्या सीटचं दार

आठ वाजता लाईट गेली ती दहा वाजले तरी आली नव्हती. खोलीत बसवेना, म्हणून आम्ही गच्चीवर चटया टाकल्या. यांची रात्रपाळी होती. मी, माझे दीर, जाऊबाई आणि खुर्चीत आमचे सासरे. माझी अडीच वर्षांची मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती.

दीर म्हणाले, बाबा, भुताची सांगा एखादी, पण तिच्यात रिले नको. सासऱ्यांचं एकतीस वर्षं बॅटरीचं दुकान होतं, त्यामुळे त्यांची कुठलीही गोष्ट फिरून फिरून गाडीच्या बोनेटखालीच येते. ते म्हणाले, हिच्यात रिले आहे, फ्यूज आहे, मीटरही आहे. ऐकायची तर ऐक, नाहीतर खाली जाऊन डासांशी गप्पा मार. जाऊबाई हसल्या.   मग ते बोलायला लागले. त्यांनी सांगितलं तसंच मी पुढे लिहिते आहे. यातला 'मी' म्हणजे सासरे.

माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून एकाचा गाळा होता. गाड्यांचं वायरिंग करायचा. त्याला सगळे टेस्टर म्हणायचे, कारण शर्टाच्या खिशात कायम टेस्टर खोचलेला. लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे, हवं तर दाखवतो. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, पण हात असा की गाडी बघण्याआधी नुसता आवाज ऐकून सांगायचा, अमुक वायर तुटली. भुताखेतावर अजिबात विश्वास नाही. म्हणायचा, ज्याला मीटर लावता येत नाही ते मी मानत नाही.

मागच्या फेब्रुवारीची सहा तारीख. गुरुवार. संध्याकाळी पावणेसातला आमच्या रस्त्यावरचा चष्मेवाला त्याच्याकडे गाडी घेऊन आला. लाल, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. पंचवीस वर्षं जुनी. पुढे दोन सीटा, मागे नावाला एक बाक. त्यावर लहान मूल बसेल, नाहीतर पिशवी. चष्मेवाल्याने थर्डहँड घेतलेली, आणि घेतल्यापासून रोज फडक्याने पुसायचा. आम्ही त्याला म्हणायचो, एवढं बायकोकडे बघितलं असतंस तर संसार सुखाचा झाला असता.

त्या दिवशी मात्र त्याचं तोंड उतरलेलं होतं. तक्रार दोन गोष्टींची. एक, सेंट्रल लॉकिंग मनाला येईल तसं वागतं. उभ्या गाडीची दारं आपोआप लॉक होतात. दोन, रात्री-अपरात्री अलार्म वाजतो. सगळी गल्ली उठून बसते. वरच्या मजल्यावरचे एक मास्तर तर चप्पल घालून भांडायला खाली आले होते.

एवढंच असतं तर टेस्टर म्हणाला असता, उद्या बघू. पण चष्मेवाल्याने आदल्या आठवड्यातली गोष्ट सांगितली. त्याची मुलगी सहा वर्षांची. दुपारी दीडची वेळ, आई गाडी चालवत होती. पिशवी आणायला म्हणून दोन मिनिटांसाठी उतरली. चावी आत, पर्स आत, मुलगी मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसलेली. आई उतरली, दार लागलं, आणि टक्. दोन्ही दारं लॉक. साधं लॉकही नाही. त्या गाडीला डबल लॉक आहे, म्हणजे चोराने काच फोडून आत हात घातला तरी दार उघडू नये म्हणून आतलं हँडल ढिलं पडतं. ओढलं तरी नुसतं हलतं. चोरासाठी चांगलं. पण आत माणूस असेल तर...

इथे मी, म्हणजे सुनेने, मधेच विचारलं की मुलगी किती वेळ आत होती. सासरे म्हणाले, अकरा मिनिटं. दुपारच्या उन्हात, काचा बंद. ती आई बाहेरून काचेवर हात आपटत होती आणि पोरगी आतून हँडल ओढत होती. तेवढ्यात अलार्म सुरू झाला म्हणून माणसं जमली. एकाने पान्याने काच फोडली. पोरगी बाहेर आली ती आंघोळ केल्यासारखी भिजलेली. मी विचारलं, आता बरी आहे ना ती? ते म्हणाले, पुढे ऐक, सूनबाई.

तर अडचण अशी होती की चष्मेवाल्याला दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला निघायचं होतं. त्याच्या सासूबाई दुसऱ्या गावी दवाखान्यात, प्रवास सहा तासांचा, मुलीला घरी ठेवायला कोणी नाही, आणि दुसरी गाडी नाही. काच त्याने नवी बसवून घेतली होती. तो टेस्टरला म्हणाला, माझी पोरगी उद्या पुन्हा त्याच बाकावर बसणार आहे. तेवढं बघ. टेस्टरने चावी घेतली आणि म्हणाला, साडेपाचला या.

आता सेंट्रल लॉकिंगचं काम कसं असतं, थोडक्यात सांगतो. प्रत्येक दाराच्या पोटात एक छोटी मोटर. तिच्यातून बोटाएवढी दांडी बाहेर येते आणि आत जाते. आत गेली की कुलूप बंद, बाहेर आली की उघडं. मोटरला हुकूम देतो तो डॅशबोर्डखालचा बॉक्स. दार आणि गाडीच्या मधे, बिजागरीपाशी, एक रबरी नळी असते, तिच्यातून वायरी जातात. दार हजार वेळा उघडायचं, मिटायचं, वायर वाकायची, आणि एक दिवस आतल्या आत तुटायची. जुन्या गाडीत दहातली आठ कामं तिथेच असतात.

टेस्टरने ड्रायव्हरच्या दाराचं पॅनेल उघडलं, नळी सरकवली, आणि तिथेच दोन वायरी तुटलेल्या. एक तपकिरी, एक पांढरी. एकमेकींना घासायच्या आणि बॉक्सला वाटायचं की कोणीतरी चावी फिरवली. त्याने नव्या वायरी जोडल्या, टेप मारली, पॅनेल पुन्हा पक्कं बसवलं. मग वीस वेळा लॉक, वीस वेळा अनलॉक. दोन्ही दारं सरळ चालली. साडेनऊला बायकोला फोन केला की जेवायला येतो, पान वाढ. हात धुतले. शटर अर्धं ओढलं.

आणि गाडी वाजायला लागली.

त्या गाडीला एक सोय आहे. अलार्म कशामुळे वाजला ते डॅशबोर्डवरचा लाल दिवा सांगतो. एकदा लुकलुकला तर दार. दोनदा तर बोनेट. तीनदा तर डिकी. चारदा लुकलुकला तर गाडीच्या आत काहीतरी हललं. टेस्टरने चावीने अलार्म बंद केला आणि दिव्याकडे बघितलं. चार. त्याला वाटलं, पाल असेल, नाहीतर उंदीर. बाक उचलला, चटया काढल्या. काही नाही. पुन्हा लॉक केली. दोन मिनिटांनी पुन्हा वाजली. पुन्हा चार.

मग त्याने हालचाल ओळखणारा सेन्सर काढून टाकायचं ठरवलं. तो छताच्या दिव्यात बसवलेला असतो. कव्हर उघडलं, तर सेन्सर नव्हताच. पूर्वीच्या कुठल्यातरी मालकाने काढून टाकलेला. नुसता प्लग लोंबत होता आणि त्यावर धुळीचा थर. म्हणजे वर्षानुवर्षं त्या गाडीला आतली हालचाल कळायला मार्गच नव्हता.

टेस्टर प्लग हातात धरून बसला. हिशेब जमेना. आणि मग त्याच्या लक्षात आलं की गेल्या आठवड्यात पोरगी आत असतानाही हाच अलार्म वाजला होता. दारं उघडली नव्हती. बोनेट, डिकी बंद. सेन्सर नाही. मग वाजवला कशाने?

सव्वाअकराला त्याने मला फोन केला. मी अंथरुणात होतो. त्याने सगळं सांगितलं. हेही सांगितलं की शेजारच्या सीटच्या दाराचं पॅनेल उघडायला म्हणून तो तिकडे बसला, तर लॉकच्या बटणाभोवतीचं प्लास्टिक खरवडलेलं दिसलं. बटण आत गेलं की पॅनेलच्या पातळीला येतं, बोटाने वर ओढता येत नाही. त्या बटणाभोवती, गोल, शेकडो ओरखडे. बारीक. खोल. मी म्हटलं, कुत्रा असेल कोणाचा. तो म्हणाला, चष्मेवाल्याकडे कुत्रा नाही. मी म्हटलं, मग आधीच्याचा असेल, त्याच्या आधीच्याचा असेल, तू झोप की. तो म्हणाला, पहाटे पोरगी बसणार आहे, शोधल्याशिवाय कसा झोपू.

तेवढ्यात फोनमधून मला अलार्म ऐकू आला. मग मी त्याला एक सल्ला दिला, जो आमच्या धंद्यात कोणीही कोणालाही देईल. अलार्मची गाडी आली की पहिलं काम तेच. आधी आवाज बंद करायचा, मग दोष शोधायचा. मी म्हटलं, सायरनचा प्लग काढ आणि निवांत काम कर, नाहीतर शेजारपाजारचे तुला मारतील. तो म्हणाला, हो दादा, विसरलोच. आणि फोन ठेवला.

 दीर म्हणाले, मग? सासरे म्हणाले, मग काय. मी कूस बदलली आणि झोपलो.

(यापुढचं टेस्टरने त्यांना नंतर सांगितलेलं आहे. सासरे म्हणाले, त्याने ते एकदाच सांगितलं, सकाळी, माझ्या दुकानात बसून, पुन्हा कधी नाही.)

त्याने सायरन काढला. त्या सायरनला पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते, चोराने मोठी बॅटरी तोडली तरी वाजावा म्हणून. तीही त्याने काढून ठेवली. गाडी गप्प झाली. गल्ली गप्प झाली. टेस्टरला बरं वाटलं. शेजारच्या दाराचं पॅनेल त्याने स्क्रू काढून नुसतं टेकवून ठेवलं, पुढे त्याच दाराची मोटर बघायची म्हणून. मग त्याने त्याची नेहमीची पद्धत वापरली. बॉक्सचा दोष असेल तर आतल्या रिलेचा, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, आवाज ऐकायचा. बाहेरच्या गडबडीत तो कळत नाही. म्हणून आत बसायचं, दारं लावायची, काचा बंद, डोळे मिटून कान द्यायचा. चावी जवळ ठेवायची नाही, म्हणजे चावीचा संबंध नाही याची खात्री. चावी त्याने टेबलावर ठेवली. फोन चार्जिंगला, तोही टेबलावर. अवजारांची पेटी बाहेर. शटर खाली.

घड्याळात एक वाजून पंचवीस मिनिटं.

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. दार ओढलं. डोळे मिटले.

पाच मिनिटं काही नाही. ट्यूबलाईटची घरघर काचेतून येत होती. मग डॅशबोर्डखाली रिले वाजला. बारीक. टिक. टेस्टरला आनंद झाला, बघा. सापडला म्हणाला, बॉक्सच खराब आहे. आणि लगेच दोन्ही दारांत आवाज झाला.

टक्.

डबल लॉक.

त्याने हँडल ओढलं. ढिलं. नुसतं हललं.

तो घाबरला नाही. मोठा माणूस आहे, रात्र आहे, ऊन नाही, गाळा स्वतःचा आहे. फार तर काच फोडावी लागेल. शिव्या दिल्या त्याने, बॉक्सला आणि बॉक्स बनवणाऱ्याला. काचा खाली करायच्या तर चावी हवी. चावी टेबलावर. चार फुटांवर. दिसत होती.

मग समोरची भिंत नारिंगी झाली.

गाडीचे इंडिकेटर लागले होते. लागले, विझले. लागले, विझले. भिंत नारिंगी, भिंत काळी. अलार्म सुरू झाला होता, पण सायरन काढलेला. आवाज नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकला. चार. थांबला. चार. थांबला. चार.

टेस्टर मला म्हणाला, दादा, गाडी बोंब मारत होती आणि तिचं तोंड मी दाबून ठेवलं होतं.

इथपर्यंत त्याला वाटत होतं की आतलं जे हललं ते मीच. पण सेन्सर नव्हता ना. त्याने स्वतः बघितलं होतं. तो अजिबात न हलता बसला. हात मांडीवर. श्वास रोखून.

चार. थांबला. चार.

आणि शेजारच्या सीटचं चामडं दबलं. जुनं चामडं. माणूस बसला की जसं करकरतं तसं. हळू.

त्याने तिकडे बघितलं नाही.

मग खरवडण्याचा आवाज आला. शेजारच्या दारातून. बटणापाशी. नखांनी. आधी सावकाश, मग भराभर. जसं कोणी आधी प्रयत्न करून बघतं... आणि मग त्याला कळतं की उघडत नाही.

आत हवा आहे, टेस्टर स्वतःला सांगत होता. पुष्कळ हवा आहे. तरी त्याला श्वास पुरेना. घाम आला. फेब्रुवारीतल्या रात्री दीड वाजता त्याच्या मानेवरून घाम ओघळला. गाडी तापली होती. काचेला हात लावला तर काच गरम. भर दुपारी उन्हात उभी असल्यासारखी.

खरवडणं थांबत नव्हतं.

माझ्या जाऊबाई हळूच माझ्याजवळ सरकल्या. सासरे कोणाकडेच बघत नव्हते.

त्याच्या दाराचं पॅनेल पक्कं बसवलेलं. स्क्रू उघडायचा पाना बाहेर. पण शेजारच्या दाराचं पॅनेल नुसतं टेकवलेलं होतं. ते ओढून काढलं की आत हात घालून कुलपाची दांडी हाताने खेचता येते. खिशात टेस्टर होता. तेवढं पुरेसं होतं. फक्त त्यासाठी शेजारच्या सीटवर वाकावं लागणार होतं.

त्या सीटवर.

किती वेळ गेला त्याला माहीत नाही. पोरगी अकरा मिनिटं बसली होती, एवढंच त्याच्या डोक्यात येत होतं. सहा वर्षांची. अकरा मिनिटं. शेजारी जे होतं, त्याच्यासोबत.

मग तो मोठ्याने बोलला. रिकाम्या सीटशी. तो म्हणाला, "थांब. मी उघडतो. दोघं बाहेर जाऊ."

खरवडणं थांबलं.

तो वाकला. डोळे मिटूनच. खांदा कशाला लागला नाही. पण थंड... गाडी एवढी तापलेली, आणि तिथे थंड. खिशातला टेस्टर फटीत घालून पॅनेल उपसलं. हात दाराच्या पोटात घातला. पत्र्याने मनगट कापलं, कळलं नाही. दांडी सापडली. ओढली. हलेना. दोन बोटांनी धरायची जागा, घामाने बोटं घसरत होती. पुन्हा ओढली. पुन्हा.

मग त्याच्या बोटांवर बोटं आली.

दाराच्या आत. पत्रा आणि पत्र्याच्या मधे. जिथे त्याचाच हात जेमतेम शिरला होता तिथे.

बारीक बोटं. नखं तुटलेली.

त्याने हात काढला नाही. मला म्हणाला, दादा, काढताच आला नाही. आणि त्या बोटांनी ओढलं. त्याच्या बोटांसकट.

टक्.

दार उघडलं. तो डोक्यावरच खाली पडला.

इंडिकेटर थांबले. ट्यूबलाईट घरघरत होती. दोन वाजून पाच मिनिटं.

मी सांगतो तुम्हाला, मी असतो तर पळून गेलो असतो. तो पळाला नाही. त्याला साडेपाच आठवत होते. त्याने मोठ्या बॅटरीची वायर काढली, डॅशबोर्ड उघडला, बॉक्स बाहेर काढला. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून पावसाचं पाणी झिरपून वर्षानुवर्षं त्या बॉक्सवर पडत होतं. आत सगळं हिरवं. दोष तिथे होता. दारं लॉक करणारा तो बॉक्स. त्यात भूत नव्हतं, ओल होती. नवा बॉक्स त्या गाडीला मिळत नाही. दारं लॉक होत राहणार होती, आज ना उद्या.

आणि प्रत्येक वेळी दारं लॉक झाली की आतून कोणीतरी बोंब मारत होतं. ते काय होतं, ते त्याने शोधलं नाही. टेस्टर म्हणाला, मला एवढंच कळलं की पोरगी आत होती तेव्हा माणसं कोणी बोलावली.

त्याने दोन्ही दारांतल्या मोटरी काढल्या. दारांत नुसतं साधं कुलूप ठेवलं, बाहेरून चावीने बंद होणारं. आतलं हँडल नेहमी उघडणारं. डबल लॉकची पट्टी करवतीने कापली, म्हणजे पुन्हा कोणी जोडायला नको. मग बॉक्स पुसून परत बसवला, मोठी बॅटरी जोडली आणि सायरन परत लावला. छोट्या बॅटरीसकट. तो वाजेल याची वाट बघत उभा राहिला. वाजला नाही.

साडेपाचला चष्मेवाला आला. मी पण तेव्हाच दुकानाकडे आलो होतो, मला झोप लागली नव्हती नीट. त्याच्याबरोबर बायको, तिच्या खांद्यावर झोपलेली पोरगी. टेस्टरने सांगितलं की सेंट्रल लॉकिंग काढून टाकलं, आता ते पुन्हा बसणार नाही. चष्मेवाला भडकला. असली गाडी, रस्त्यावर उभी करायची, कोणीही तारेने उघडेल. त्याला दुरुस्त करून हवी होती, मोडून नको होती. टेस्टर चावी मुठीत धरून उभा. मनगटाला फडकं गुंडाळलेलं, रक्ताने लाल झालेलं. म्हणाला, पोरगी बसणार असेल तर मी लॉक जोडणार नाही. दुसऱ्याकडून जोडून घ्यायचं तर घ्या, पण माझ्या गाळ्यातून गाडी अशीच जाईल. चष्मेवाला त्याच्या अंगावर धावून जायचाच बाकी होता.

मग त्याची बायको बोलली.  ती म्हणाली, "काचेच्या बाहेर मी उभी होते, तुम्ही नाही. गाडी चोरीला गेली तर जाऊ दे. दार उघडलं पाहिजे."

चष्मेवाल्याने मान खाली घातली. टेस्टरने मूठ उघडली. बाई पुढे झाली, शेजारच्या सीटचं दार स्वतः दोनदा आतून उघडून बघितलं, पोरीला मागे झोपवलं आणि ते गेले.

पोरगी बरी आहे, सूनबाई. आता सात वर्षांची झाली. आजीही बरी झाली. आणि त्या दिवसापासून तो अलार्म एकदाही वाजलेला नाही. वरच्या मजल्यावरचे मास्तर आता म्हणतात, झोप येत नाही.

दीर म्हणाले, संपली? मग ते बोटांचं काय? सासरे म्हणाले, मला काय माहीत. चष्मेवाल्याने आधीच्या मालकाला शोधायला नकार दिला. टेस्टरने तर विषयच काढू दिला नाही. पण काढलेल्या दोन मोटरी त्याने फेकल्या नव्हत्या. हे वायरिंगवाले काही फेकत नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून फळीवर ठेवल्या होत्या. पंधरा दिवसांनी तो डबा घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, दादा, हा तुझ्याकडे ठेव, रात्री गाळ्यात याचा आवाज होतो. मी हसलो. तो हसला नाही.

मी त्याच्या समोर डबा उघडला. दोन्ही मोटरींच्या दांड्या अंगठ्याने दाबून पार आत घातल्या. वायरी कापलेल्या, बॅटरी नाही, काही नाही. शेजारच्या दाराच्या मोटरीला त्याने खूण म्हणून पांढरी टेप गुंडाळली होती. डब्याला झाकण लावलं, दोऱ्याने उभा-आडवा बांधला, गाठ मारली, आणि वर एक मोठी बॅटरी ठेवली. अठरा किलोची. दुकान बंद केलं. चावी माझ्याच खिशात.

सकाळी बॅटरी जागच्या जागी होती. दोरा तसाच. गाठ माझीच. मी सोडली आणि झाकण काढलं.

ड्रायव्हरच्या दाराची दांडी आत होती, मी दाबली होती तशी.

पांढऱ्या टेपवालीची दांडी पूर्ण बाहेर आलेली होती. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, बरोबर तिच्या वर, पत्र्यावरचा रंग खरवडलेला होता.